गोड्या पाण्याची गाडी

तुमची एखादी वस्तू या घडीला दुसऱ्या कुणाच्या घरात राखायला ठेवलेली आहे का? लगेच नाही म्हणू नका. आठवून पाहा. बदली झाली तेव्हा शेजाऱ्याकडे ठेवलेली ट्रंक, गावच्या चुलत्याकडे टाकलेला पलंग, ‘येतोच न्यायला’ म्हणून कुणाच्या तरी पडवीत लावून दिलेलं शिवणयंत्र. तुम्ही ते विसरला असाल. ज्याच्याकडे ठेवलंत तो विसरलेला नाही. तुमच्या ट्रंकेखाली त्यानं विटा दिल्या आहेत, आणि पाऊस लागला की तो आधी तिच्याकडे बघतो, मग आपल्या अंथरुणाकडे.

हे मला ठाऊक आहे, कारण असा एक माणूस मी चार पावसाळे भिंतीपलीकडून पाहिला. गोमा तांडेल त्याचं नाव.

मी परळच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभेची, निषेधाची. भिंतीची ओल अंगावर येऊ नये म्हणून आई उरलेली पत्रकं खळीनं भिंतीला चिकटवी, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या भिंतीवर. त्यामुळे राबणारा कोण आणि खाणारा कोण हे मला फार लवकर कळलं. बाकीच्या पुष्कळ गोष्टी फार उशिरा कळल्या. साठ-एकसष्टच्या सुमारास, विसाव्या वर्षी, मला शाळेत नेमणूक मिळाली ती खाडीपलीकडे, करावे गावी. पुढ्यात खाडी, बाजूला मिठागरं, मागे भाताची खाचरं. गावात राहायला जागा मिळेना. शेवटी गोमा तांडेलच्या घराला लागून त्याच्या गेलेल्या भावाची एक खोली होती, ती मिळाली. मधे कुडाची भिंत. बोललेलं सगळं ऐकू येई.

पहिल्या दिवशी मी पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. गोमाच्या पडवीत माणसं बसायची तिथं शिडाच्या जाड कापडाखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवलेल्या बघतच आले होते. म्हटलं, यांनी होडी घरात आणलेली दिसते. इतक्यात कापडाच्या कडेतून एक पितळी दिवा चमकला, माणसाच्या डोक्याएवढा.

“होडीला दिवा?” मी विचारलं.

गोमा तिथंच उकिडवा बसला होता. पन्नाशी उलटलेला, काळा, हाडकुळा, आणि पायाच्या नडग्या मिठानं चिरलेल्या. तो उठला, हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि म्हणाला, “होरी नाय, मास्तरीनबाय. गारी हाय. शेठची.”

त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होई. होडी ती होरी, गाडी ती गारी, आणि गोडं पाणी ते गोरं पानी. पुढे चार वर्षं मी ‘गारी’ हा शब्द इतका ऐकला, की अजूनही रस्त्यानं मोटार गेली तर मनात आधी तोच शब्द येतो.

गाडी फार जुनी होती. मिठागराच्या शेठला ती त्याच्या बापाकडून आलेली. लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवे, कातडी गाद्या, आणि पुढून हँडल मारून चालू करायची. पनवेलच्या बाजूनं कशीबशी गावापर्यंत येणारी कच्ची वाट होती. मिठाच्या हंगामात शेठ त्या वाटेनं गाडी आणी आणि तिच्यात बसून बांधांवरून फिरे. पावसाळ्यात वाट चिखलात बुडायची, मिठागर बंद. मग शेठ मुंबईला, आणि गाडी चार महिने इथं.

गोमानं ती कशी राखली हे सांगितल्याशिवाय गोमा कळायचा नाही.

मिठाच्या हंगामात गाडी अंगणात. ज्येष्ठ लागला की गावातली चार माणसं बोलवायची. पडवीची पुढची कुडाची भिंत काढायची, गाडी आत ढकलायची, भिंत पुन्हा उभी करायची. मग गाडी ओंडक्यांवर चढवायची, होडी चढवतात तशी, म्हणजे चाकांवर भार राहत नाही. टाकीतलं पेट्रोल काढायचं. मागच्या नळीच्या तोंडात काथ्याचा बोळा, उंदरांसाठी. गाद्यांवर कडुनिंबाचा पाला. गाडीच्या पोटाखाली आणि आत पायांपाशी मडक्यांतून चुनकळीचे खडे ठेवायचे. हवेतली ओल चुना पिऊन टाकतो आणि फुगून त्याचं पीठ होतं. पीठ झालं की मडकं बदलायचं. दर अमावस्येला आणि पुनवेला, उधाणाची भरती आली की, हँडल घालून यंत्र सातदा फिरवायचं, म्हणजे आत काही चिकटून बसत नाही. अमावस्या-पुनवच का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “मना दुसरा पंचांग येत नाय.”

आणि वरून शीड. ताडपत्री त्याला चालत नसे. “ताडपत्री म्हंजे तोंडावर हात दाबल्यासारका. आतली वाफ आतच. शीड सास घेतंय.” ते शीड त्याच्या स्वतःच्या मचव्याचं होतं. मचवा केव्हाच गेला होता, शीड तेवढं उरलेलं. गाडीवर घालण्याआधी त्यानं ते तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, वाळवून त्यातलं मीठ काढलं होतं. वीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात फिरलेलं शीड. तिसऱ्या वेळी पाणी जिभेला अळणी लागलं तेव्हा तो थांबला.

जिभेचं त्याचं वेडच होतं. दर दोन दिवसांनी तो शिडाखाली वाकून शिरे आणि गाडीच्या पत्र्याला जीभ लावी. मडगार्डला, दिव्याच्या कडेला, दाराच्या मुठीला. मिठागरावर आयुष्य गेलेलं. खारटपणा डोळ्याला दिसायच्या आधी त्याच्या जिभेला कळे. कुठं खारट लागलं की गोड्या पाण्याचं फडकं, मग कोरडं फडकं, मग खोबरेल. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा मी वहीत लिहिलं: ‘मालकाचा पत्रा चाटणारा माणूस.’ ते वाक्य मला तेव्हा फार धारदार वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

खाऱ्याची एवढी दहशत का, ते मला त्याच्या बायकोनं सांगितलं. सोनाबाय. ठेंगणी, तोंडाळ, हसरी. मासळी सोलता सोलता ती बोलायची आणि हात थांबायचा नाही.

“पहिला वरीस होता,” ती म्हणाली. “शेठ बोलला, गोमा, गारी सांभाल. यानी काय केला ठावं हाय? होरी धुतात तशी धुतली. खारीचे पान्यान! घमेली भरभरून!”

यात वेडेपणा काहीच नव्हता. खाडीकाठी कुणालाही विचारा. लाकडी होडीला पावसाचं गोडं पाणी खातं, खारं पाणी राखतं. होडीत पावसाचं पाणी साचलं तर उपसून टाकतात आणि खाडीचं पाणी मारतात. गोमा बापाकडून हेच शिकला होता. त्यानं शेठच्या गाडीला आपल्या होडीइतकं जपलं, आठवडाभर रोज खाडीच्या पाण्यानं धुतलं, आणि झाकून ठेवलं. दसऱ्यानंतर शेठ चार पाहुणे घेऊन आला. झाकण काढलं तर गाडी तांबडी झालेली. पत्र्याला फोड आले होते.

शेठ ओरडला असता तर बरं झालं असतं. शेठ हसला. पाहुण्यांना म्हणाला, “बघा, आमचा गोमा गाडीला मचवा समजला!” सगळे हसले. मग शेठ गोमाकडे वळून म्हणाला, “आता तूच सांभाळ ही. मी सांगेपर्यंत हिला खाऱ्या पाण्याचा थेंब लागू देऊ नकोस.”

‘मी सांगेपर्यंत.’ दोन शब्द. शेठनं ते हसता हसता म्हटले आणि तो गेला. गोमानं ते धरून ठेवले.

पनवेलच्या एका मिस्त्रीकडून तो लोखंडाचा धर्म शिकून आला. महिनाभर पॉलिश-कागदानं घासून सगळा गंज काढला. पुढे दोन-तीन वर्षं शेठ यायचा, पण जीपमधून. दर वेळी गोमा विचारी, “गारी काढू का, शेठ?” शेठ म्हणे, “राहू दे. पुढच्या खेपेला.” मग शेठनं मिठागर दुसऱ्याला चालवायला दिलं आणि यायचाच बंद झाला. मिठागरावरची गाडीची शेड एका वादळात आडवी झाली. त्या दिवशी गोमानं गाडी स्वतःच्या पडवीत आणली. पुढची खेप आलीच तर शेठला गाडी कोरडी मिळाली पाहिजे.

मी गेले तेव्हा गाडी पडवीत आल्याला आठ-नऊ पावसाळे झाले होते. ठरलेलं वेतन नव्हतं, कागद नव्हता, कुणाचा निरोप नव्हता.

“तुम्ही कधी बसलात तरी का आत?” मी एकदा विचारलं.

“राखनारा कसा बसंल?” तो म्हणाला. त्याला माझा प्रश्नच कळला नाही.

सोनाबाय गाडीला सवत म्हणे. चारचौघींत, त्याच्या तोंडावर. “माझी सवत बग, पितलंचे डोल्यांची. इला गोरं पानी, मना खारं.” आणि ते खरं होतं. गाडी घरात आली तेव्हापासून घरात सुकी मासळी ठेवायची बंदी झाली. खाडीकाठच्या घरात पावसाळ्यात सुकी मासळी नाही, याचा अर्थ मुंबईच्या वाचकाला कळायचा नाही. चार महिने होड्या किनाऱ्यावर. ताटात असतो तो मे महिन्यात वाळवलेला जवळा आणि मीठ लावून ठेवलेला मासा. पण मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि ते पाणी लोखंड खातं. गोमानं माळ्यावरच्या सगळ्या टोपल्या उतरवल्या आणि बहिणीच्या घरी नेऊन ठेवल्या. सोनाबाय भर पावसात मूठभर जवळ्यासाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि पदराखाली झाकून आणायची. एकदा मी तिला म्हटलं, माझ्या खोलीत ठेवा. ती म्हणाली, “तुझी भिंत त्याच्या भिंतीला लागून. तो वास घेतंय, कुत्र्यासारका.” आणि हसली. तिला त्याचा राग आला असेल, पण त्याची लाज तिला कधी वाटली नाही.

आता विहिरीची गोष्ट. ही मला सांगावीच लागेल, कारण हिच्यात मी आहे.

करावेला गोड्या पाण्याची विहीर एक. मे संपता संपता तिच्यात तळाला घागर बुडेल एवढं पाणी राही. नेमका तेव्हाच गोमाला गाडी घरात घ्यायच्या आधी शेवटची धुवायची असे, हंगामभर बसलेलं मीठ उतरवायला. आठ घागरी. सोनाबाय आपल्या घराच्या वाट्यातून एकेक घागर वाचवायची. एका वर्षी विहिरीवर बायकांनी तिला अडवलं.

“आमची पोरा तहानली, न् तुमची गारी आंगोल करते?”

“मंग काय, सोने, गारीला साबन लावतेस का शिकेकाई?”

सोनाबाय म्हणाली, “शिकेकाईच लावते. तुज्या नवऱ्याला लावायची ती उरली का पाठवून दे.” सगळ्या हसल्या, पण कळशी कुणी पुढे सरकू दिली नाही.

संध्याकाळी मी गोमासमोर उभी राहिले. बाजू मला स्वच्छ दिसत होती. मी म्हटलं, “गावाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही ते एका मालकाच्या मोटारीवर ओतता. तो मालक तुम्हाला ओळखत तरी असेल का? हे पाणी तुमचं नाही. गावाचं आहे.” आणखीही बरंच म्हटलं. परळच्या भिंतीवरचं जवळजवळ सगळं.

त्यानं ऐकून घेतलं. मान हलवली. “खरा हाय,” तो म्हणाला.

मी जिंकले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गाडीसाठी गावच्या विहिरीचा थेंब घेतला नाही. बेलापूरच्या बाजूला टेकडीखाली एक झरा होता, तिथून तो पाणी आणू लागला. उन्हातनं, कावड खांद्यावर. आणि त्याच्या मागे डोक्यावर दोन हंडे घेऊन सोनाबाय. माझ्या तत्त्वानं तिच्या पायांना रोजचे चार मैल जोडले. एकदा हंडा उतरवताना ती म्हणाली, “मास्तरीनबाय, तू चांगला बोलतेस गं. पन जरा हलू बोल. त्याला सगला पटतंय.”

चौथ्या पावसाळ्यात आषाढात तीन दिवस पाऊस थांबला नाही. स्वयंपाकघराच्या बाजूची मातीची भिंत खाली आली. चूल भिजली. घरात कोरडी जागा एकच उरली, आणि तिथं गाडी होती. सोनाबाय आधीच तापानं फणफणली होती, छातीत घरघर. मी दुपारच्या सुट्टीत शाळेतून आले तर ती पाटावर, भिजलेल्या गोधडीत बसलेली. पाटाखालून पाणी वाहत होतं.

मी म्हटलं, “गाडीत निजवा यांना. आतली गादी खणखणीत कोरडी आहे.”

गोमानं शिडाची कडा आणखी खाली ओढली.

“ऐकलंत का?”

“मानसाचा सास ओला रहातंय, बाय,” तो खाली बघून म्हणाला. “आत निजली का काचंला घाम धरंल. घाम खारा.”

तेव्हा मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुम्ही माणूस आहात का, असंही बोलले. तो उठला. शीड बाजूला केलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यानं गाडीचं मागचं दार माणसासाठी उघडलं. सोनाबायला दोन्ही हातांवर उचलून आत ठेवली, तिच्या पायांपाशी चुन्याची मडकी होती ती बाहेर काढली आणि वारा लागू नये म्हणून दार हळूच लावलं. ती आतून म्हणाली, “अगो बाय, सवत मऊ हाय गं!” मी शाळेत परत गेले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

शाळा सुटल्यावर आले तेव्हा काचांवर आतून वाफ धरली होती. गोमा बाहेर उभा होता आणि फडक्यानं काच पुसत होता. पुसायचा, थांबायचा, पुन्हा पुसायचा. आत सोनाबाय जागी होती. ती त्याच्या फडक्याकडे बघत होती.

मग तिनं स्वतःच दार उघडलं. “उतरव मना,” ती म्हणाली. “सवतीला माझा घाम लागतंय.” हे तिनं हसत म्हटलं नाही. गोमा काहीतरी बोलायला गेला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझे घरान ने मना.”

माझी खोलीही गळत होती. पण मी तिला नेलं. आठव्या दिवशी ती गेली. त्या आठ दिवसांत कुडाच्या भिंतीपलीकडे गोमाचा खोकला ऐकू येई आणि इकडे तिची घरघर. मधे एक भिंत, आणि दोघांपैकी कुणी हाक मारली नाही. तो दारापर्यंत येई, पेजेचं भांडं ठेवी आणि जाई. ती भिंतीकडे तोंड करी.

तेराव्यानंतर तो माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला. मग म्हणाला, “मी गारी पुसत नव्हतू, बाय.”

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

“तिचा तोंड दिसत नव्हता. काच धुरकटलेली. म्हनून पुसत होतू. पुसला का जरा दिसं, मंग परत जाई.” त्यानं हातातलं फडकं उलटंसुलटं केलं. “आतल्या वाफंला भायरून पुसून काय उपेग, ता मना तवा समजलाच नाय. तिला वाटला मी गारी पुसतंय.”

परळच्या भिंतीवर यासाठी एक ओळ नव्हती.

मग मला एक गोष्ट सुचली. चार वर्षं मी या माणसाला पिळवणुकीचा अर्थ समजावत होते. त्याच्यावर तीन लेख लिहिले होते. मुंबईतल्या अंकांतून ते छापूनही आले, नावं बदलून. पण मचव्यात बसून शेठकडे जाऊन, ‘तुम्हाला ती गाडी हवी का?’ हा एक प्रश्न विचारावा, हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. गोमाला सुचणं शक्य नव्हतं. राखणारा विचारत नाही, सांगेपर्यंत राखतो. पण मी?

नारळी पौर्णिमा झाली, खाडी मोकळी झाली, मिठाचे मचवे सुरू झाले. दिवाळीच्या सुट्टीत त्यातल्या एकात बसून मी मुंबईला गेले. दोन दिवस पेढ्यांतून विचारत हिंडले तेव्हा शेठ सापडला. म्हातारा झाला होता. वाईट माणूस नव्हता, हे मला लिहावं लागतं. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

“कुठली गाडी?” तो म्हणाला.

मी सांगितलं. त्याला आठवायला वेळ लागला. मग तो हसू लागला. “ती! अहो, ती तर मी तेव्हाच सोडून दिली. मिठानं खाल्लेली गाडी कोण नेणार? गोमाला सांभाळ म्हटलं ते आपलं म्हणायचं म्हणून. अजून आहे ती? कमाल आहे!” आणि डोळे पुसत तो म्हणाला, “सांगा त्याला, तुझीच झाली म्हणावं.” मी उठले तेव्हा त्याला काही आठवलं. “ते पितळी दिवे आहेत का हो शाबूत? तेवढे मात्र पाठवून द्या. दिवाणखान्यात छान दिसतील.”

मी परत आले. गोमा पडवीत होता. त्या वर्षीही त्यानं दसऱ्याला शीड काढलं होतं, गाडी ओंडक्यांवरून उतरवून पुसून ठेवली होती, पुढच्या खेपेसाठी. मी सगळं सांगितलं. शेठनं गाडी सोडून दिल्याला चौदा वर्षं झाली, आणि ती आता त्याची आहे. दिव्यांचं मात्र बोलले नाही. खरं ते सगळं बोलायचं या हट्टानं वाढलेल्या मुलीनं गिळलेलं ते एक वाक्य.

त्यानं एकच विचारलं.

“हसला का तो?”

मला खोटं बोलता आलं असतं. “हो,” मी म्हटलं.

“तवाबी हसलेला,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “तू जरा आधी जाती त…” एवढंच. वाक्य त्यानं पुरं केलं नाही. मी ते रोज पुरं करते.

त्या हिवाळ्यात त्यानं गाडीला हात लावला नाही, पडवीतून बाहेरही काढली नाही. जीभही लावली नाही. दिवसभर तो बांधावर बसून राही. लोक म्हणाले, विकून टाक, भंगारवाला घेईल. तो म्हणे, बघू. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. ज्येष्ठातल्या एका सकाळी सामान घेऊन मी किनाऱ्यावर आले. निघताना त्याचा निरोप घ्यायला शेजारी डोकावले होते, तर पडवीची पुढची भिंत काढलेली आणि पडवी रिकामी. आत चुन्याची मडकी तेवढी ओळीनं.

गाडी खाली किनाऱ्यावर होती. चार माणसांनी ढकलून आणली असणार. ओहोटीच्या चिखलाच्या कडेला, शाकारायला ओढलेल्या होड्यांच्या रांगेत, शेवटची. पितळी दिवे उन्हात चमकत होते. आणि गोमा खाडीतून घमेलं भरून आणत होता आणि गाडीवर ओतत होता. टपावर, गाद्यांवर, चाकांच्या लाकडी आऱ्यांवर. खारं पाणी. ओतायचा, हातानं चोळायचा, पुन्हा खाडीत उतरायचा.

“गोमादादा!” मी धावत गेले. “अहो, खारं पाणी ते! काय करताय?”

तो थांबला. घामानं आणि पाण्यानं निथळत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला सरळ माझ्याकडे बघताना पाहिलं.

“आथा माझी हाय ना?” तो म्हणाला. “मंग माज्या होरीसारकी धुतंय.”

मचव्यावरून मला हाका येत होत्या. मी चढले. पाणी वाढत होतं. बरंच आत गेल्यावर मागे पाहिलं तर त्यानं घमेलं खाली ठेवलं होतं. तो गाडीच्या मागच्या दारापाशी वाकला होता, काचेला अगदी तोंड लावून. जीभ लावून बघत होता की आत बघत होता, तेवढ्या लांबून मला कळलं नाही. शीड त्यानं घातलेलं नव्हतं. चार दिवसांनी पाऊस आला.

मी पुन्हा करावेला गेलेले नाही. आता तिकडे खाडीवर पूल बांधायचं बोलतात, मोठं शहर वसवायचं बोलतात. वसेल. ज्यांची शहरं वसतात त्यांच्या वस्तू कुणाच्या पडव्यांत पडून राहतात, याची चौकशी कोण करणार? मी केली नाही, आणि मला तर ते माझं काम वाटत होतं.

म्हणून तुम्हाला मागणं आहे, आणि ते सभेतलं नाही. हा अंक खाली ठेवा. कुणाकडे काय ठेवलंय ते आठवा. पोस्टात जाऊन एक कार्ड घ्या आणि त्यावर दोनच ओळी लिहा: ती वस्तू हवी असेल तर कधी नेणार ते, नको असेल तर नको म्हणून. दुसरं काही लिहू नका, आणि लिहिताना हसू नका. कार्ड पावसाच्या आधी पोचेल असं बघा.